जुन्या डिझेल गाडीचं ॲव्हरेज कुठे शोधावं

जुनी डिझेल गाडी पाहायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ उत्तरही ठरलेलंच, ‘बावीस-तेवीस, डोळे मिटून!’ २०१७ च्या डिझायर डिझेलचा जाहीर आकडा लिटरला २८.४ किलोमीटर होता. असे आकडे प्रयोगशाळेत निघतात. गाडी रोलरवर उभी असते, एसी बंद असतो आणि वेग ठरलेल्या क्रमाने वरखाली केला जातो. मे महिन्यात चार माणसं आणि एसी घेऊन यवतमाळहून नागपूरला निघालेल्या गाडीचा त्या आकड्याशी फारसा संबंध राहत नाही. धडधाकट गाडी रस्त्यावर २०-२१ देते. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, पण इंजिन थकलेली गाडी १५ वर येते. म्हणून मॉडेलची चर्चा नंतर करू. आधी डिझेल कमी का लागतं ते पाहू, कारण ज्या गोष्टींमुळे ते वाचतं त्याच गोष्टी जुन्या गाडीत झिजलेल्या असतात.

एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा असते. हा फायदा कुठल्याही गाडीत मिळतो. बाकीचे फायदे इंजिनाच्या तब्येतीवर अवलंबून असतात. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर हवेच्या वाटेवरची झडप उघडतो आणि मिटतो. हळू चालताना ती झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिनाला हवा ओढून घ्यावी लागते. विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शनचा वॉल्व्ह अर्धा बंद करून मोटार चालवली तर ती जशी उगाच ताकद खाते, तसंच हे आहे. डिझेल इंजिन हवा मोकळेपणाने घेतं आणि ताकद कमी-जास्त होते ती फक्त डिझेलच्या मापावर. शिवाय ते हवा फार दाबतं. पेट्रोलमध्ये हवा साधारण दहापट दाबली जाते, तर मारुती, टाटा आणि फियाट या तिघांनीही वापरलेल्या १२४८ सीसी डिझेल इंजिनात १७.६ पट. दाबलेली हवा तापते, ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि डिझेल ठिणगीशिवाय पेटतं.

हा दाब धरून ठेवतात पिस्टनच्या रिंगा, बोअर (ज्यात पिस्टन सरकतो ती नळी) आणि वॉल्व्ह. ते झिजले की दाब गळतो, आणि ही गळती सर्वात उघडी पडते ती थंड इंजिन सुरू करताना. बाहेरची हवा ४० अंशांऐवजी १० अंशांची असली, तर दाबल्यानंतरच्या तापमानात ३० नव्हे, ८० ते ९० अंशांचा फरक पडतो. एप्रिलच्या दुपारी मोडकळीला आलेलं इंजिनही एका सेल्फमध्ये उठतं. त्यामुळे गाडी पाहायची तर हिवाळ्यात, सकाळी सहा-सातला. हिवाळ्यापर्यंत थांबायची सोय नसेल तर निदान पहाटे जावं आणि ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका’ असं आदल्या दिवशी सांगून ठेवावं. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर आणि सायलेन्सरजवळ न्यावा. गरम लागला, तर मालकाने परीक्षेआधीच पेपर सोडवून ठेवला आहे.

चावी फिरवल्यावर ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या कांडीचा), म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा पिवळा दिवा विझू द्यावा आणि मग सेल्फ मारावा. दोन-तीन सेकंदांत इंजिन उठलं पाहिजे. उठल्यावर कुणाला तरी मागे उभं करावं. पांढरट धूर काही सेकंद आला आणि गेला, तर हरकत नाही. गरम झाल्यावरही येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरतंय. कुलंटचा वास गोडसर असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. हा काळा धूर अनेकदा स्वस्तात सुटतो, त्याबद्दल पुढे येतंच.

इंजिन गरम होऊन शांत चालू लागलं की ऑइल भरायचं झाकण उघडून तोंडावर उलटं ठेवावं. किंचित वाफ प्रत्येक डिझेलमध्ये येते. झाकण थडथड नाचू लागलं आणि धुराचे लोट येऊ लागले, तर दाबलेला गॅस रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. इंजिन बांधायला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायला आलंय. तिथेच झाकण लावावं आणि चहा पिऊन निघावं. गेजच्या काडीवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नये, डिझेलमध्ये काजळीमुळे ते काही दिवसांतच काळं होतं. उलट जुन्या गाडीत मधासारखं स्वच्छ ऑइल दिसलं, तर ते काल का बदललं, हे विचारावं.

आता इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल. कॉमन रेल डिझेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या इंजिनाचा, खरा पैसा आणि खरी बचत इथेच आहे. रेलमध्ये डिझेल १६०० बार दाबाने तुंबलेलं असतं, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे सातशेपट. ते केसाएवढ्या भोकांतून, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने आत उडवलं जातं. तुषार जितका बारीक तितकं जळणं पूर्ण. आतल्या सुईची आणि तिच्या घराची फट दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि तिथे धुळीचा कण काचपेपरचं काम करतो.

विदर्भातल्या खेड्यात या इंजेक्टरचा मोठा शत्रू ट्रॅक्टरचा ड्रम आहे. हंगामात वावराकडे डिझेलचा ड्रम किंवा कॅन भरून ठेवलेले असतात, आणि पंप दूर असला की त्यातलंच दहा लिटर कारमध्ये ओतलं जातं. अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये पावसाळ्यात रात्री आतून दव धरतं. पाणी जड, ते तळाशी बसतं, आणि हातपंपाची नळी नेमकी तळालाच असते. त्यात गंज आणि काळ्या मातीची पूड मिसळते. जुन्या ट्रॅक्टरचा नोझल दोनशे बारच्या आसपास काम करतो, तो हे बरंच सोसतो. कॉमन रेल सोसत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या घरची, ‘फार जपून वापरलेली’ गाडी घेताना डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि दहा मिनिटं उभं ठेवावं. तळाशी पाण्याचा वेगळा थर, तांबूस गाळ किंवा चकाकणारी धातूची कणी दिसली, तर इंजेक्टरच काय, पंपाचाही खर्च किमतीत धरावा. एका नव्या इंजेक्टरचं बिल सहसा पाच आकडी होतं, आणि ते चार असतात.

बाटली स्वच्छ निघाली तरी दोन गोष्टी कराव्यात. मिस्त्रीला स्कॅनर लावायला सांगून चारही सिलिंडरचे डिझेल दुरुस्तीचे आकडे पाहावेत. इंजिन एकसारखं चालावं म्हणून कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरला थोडं कमी-जास्त डिझेल देतो. एकाचा आकडा बाकीच्यांपासून फार दूर असेल, तर तिथे काहीतरी आहे. दुसरी चाचणी परतीच्या नळ्यांची. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून वेगवेगळ्या बाटलीत सोडायची आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. बाटल्या जवळपास सारख्या भरल्या पाहिजेत. एक बाटली दुसरीच्या दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. हे करताना इंजेक्टरच्या बुडाशीही बॅटरी मारून पाहावं. तिथे डांबरासारखा काळा, कडक थर आणि कानाला ‘चुक-चुक’ आवाज म्हणजे खालचा तांब्याचा वॉशर गेला. वॉशर किरकोळ पैशांचा, पण वर्षभर तसाच चालवला तर इंजेक्टर हेडमध्ये असा रुतून बसतो की काढणाऱ्याचा घाम निघतो.

हवेची बाजू सोपी आहे. आधी एअर क्लीनर उघडून पाहावा. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीत त्यात धूळ आणि तंतूंची गादीच बसलेली असते, वणी-चंद्रपूरकडे कोळशाची काळी पूड. मग टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा जाड रबरी पाइप हाताने दाबत तपासावा. उन्हाने तो तडकतो आणि दाबलेली हवा फुसकन बाहेर जाते. गाडी काळा धूर मारते, पिकअप मरतो, ॲव्हरेज पडतं. मालक वैतागून गाडी काढतो आणि दोष निघतो एका पाइपचा. अशी गाडी सापडली तर भाव नीट पाडून घ्यावी.

आपल्याकडच्या उन्हाने एक वेगळाच घोटाळा करून ठेवला आहे. इंजिन तापतं म्हणून कुलंटच्या वाटेवरचा थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कुलंट अडवणारी झडप) काढून टाकायचा, हा जुना घरगुती उपाय. खरं तर तापण्याचं कारण बहुधा गाळाने बुजलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा असतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन ८५-९० अंशांच्या आपल्या तापमानाला पोचायला फार वेळ लावतं. तोवर कॉम्प्युटर त्याला थंड समजून वागवतो आणि ऑइल घट्ट राहून रेटा वाढतो. कधी काही न बिघडता दोनेक किलोमीटरचं ॲव्हरेज असं गायब होतं. ओळखणं सोपं आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावावा. काही मिनिटं तो गार राहून मग एकदम तापला, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर काढलेला किंवा उघडा अडकलेला आहे. पंख्यापासून हात मात्र दूर ठेवावा.

चक्कर मारून आल्यावर चारही रिम हात जवळ नेऊन पाहाव्यात. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल, तर ब्रेक घासतोय. पांदण रस्त्याचा चिखल कॅलिपरच्या (ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) पिनांत सुकला की असंच होतं.

आता मॉडेल. १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्ट-डिझायरमध्ये महाग मिळतं आणि टाटा झेस्ट, बोल्ट, विस्टामध्ये बरंच स्वस्त. दोन्हीत टायमिंगला, म्हणजे वॉल्व्ह वेळेवर उघडायला, चेन आहे. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल होते आणि थंड सुरुवातीला खडखडते. डस्टरच्या १४६१ सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल, तर तो बदलायचाच असं समजून पैसे बाजूला ठेवावेत, तुटला तर वॉल्व्ह वाकतात. बोलेरो पांदणीला बेस्ट, पण आकार कपाटाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० वर गेलं की सव्वादोनपट. समृद्धी महामार्गावर त्या चौकोनी तोंडाची किंमत टाकीत दिसते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) डिझेलबाबत माझं मत थोडं कडक आहे. त्यांच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करायला ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटांची सलग दौड लागते. गाव ते तालुका आठ किलोमीटर, एवढाच फेरा असेल तर तो तुंबतो, आणि अर्धवट राहिलेल्या सफाईचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. काडीवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ही गाडी अशीच वापरलेली आहे.

डिझेल घ्यावी की नाही, हा हिशेबही मांडून पाहावा. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी १६ देते, तर किलोमीटरला ६.५६ रुपये. डिझेल ९२ आणि गाडी २० देते, तर ४.६०. किलोमीटरमागे दोन रुपयांना थोडं कमी वाचतात. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे चाळीसेक हजार होतात. पाच हजार फिरणाऱ्याचे दहा हजारही होत नाहीत आणि एक इंजेक्टर ते गिळतो. त्याने पेट्रोलच घ्यावी.

दिल्लीच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते, कारण राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला. एनओसी (ना-हरकत दाखला), इथली नवी नोंदणी आणि इथला कर धरल्यावर ती किती स्वस्त उरते ते आधी आरटीओत विचारावं. इथल्या गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० बरोबर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

गाडी घरी आली की ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर क्लीनर एकदमच बदलावेत, टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरावी. मग नोझल आपोआप बंद होईपर्यंत फुल टाकी, तीनशे किलोमीटर, आणि त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा फुल टाकी. किलोमीटरला लिटरने भागावं. असं तीनदा केल्यावर जो आकडा येईल, तो डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी त्यातून दोन कमी झाले, की बाटली आणि स्क्रू घेऊन पुन्हा डिझेल फिल्टरपासून सुरुवात.