राबणाऱ्याला हार्ट अटॅक येत नाही?

खानापूर-निपाणीकडे अजून ठासून सांगतात, "रानात राबणाऱ्याला कसला अटॅक? तो एसीत बसणाऱ्या जाड्यांचा रोग!" साफ चूक. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' या हार्ट अटॅकवरच्या अभ्यासाची आकडेवारी २००७ साली तपासली, तेव्हा दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्याकडच्या, लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला. इतरांना ५९च्या आसपास. दोष निव्वळ आनुवंशिकतेचा नाही. धूम्रपान, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल आपल्याला तरुणपणीच गाठतात. हातपाय काडीसारखे, पण सदऱ्याखाली पोट सुटलेलं, हा आपला नमुना. म्हणून कमरेच्या घेराची धोक्याची मर्यादाही आपल्या पुरुषांना ९० सेंटीमीटर, युरोपीयांना ९४. आपल्या बायकांना ८०. त्यात वर चुना मळून तंबाखू! (विडी नाही म्हणजे सुटलो, हा आणखी एक गैरसमज.)

त्याच अभ्यासातल्या नऊ मुख्य कारणांत मनावरचा ताण आणि नैराश्यही आहे. ऊसबिल थकतं, झोप उडते, तरी 'लोक येडा म्हणतील' म्हणून माणूस गप्प. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं, तेही फुकट. आणि कळ छातीतून हातात, जबड्यात सरकली, दरदरून घाम फुटला, तर सोडा पिऊन पित्त उतरायची वाट बघू नका, १०८ लावा.