बाँडपटांतील कथासातत्य

इयन फ्लेमिंग (१९०८–६४) यांच्या जेम्स बाँड या गुप्तहेरावर १९६२ पासून निघालेल्या चित्रपटमालिकेतील घटना, नाती व काळ यांची परस्परसंगती. ही मालिका काढणाऱ्या इऑन प्रॉडक्शन्सच्या २५ चित्रपटांत (२०२१ पर्यंत) ही संगती वारंवार तुटते. मालिकेच्या कथनातला हाच सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये (१९६७) बाँड आणि मालिकेतला मुख्य खलनायक ब्लोफेल्ड समोरासमोर येतात. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये (१९६९) मात्र बाँड चष्मा लावून, वंशावळीचा जाणकार म्हणून ब्लोफेल्डच्या आल्प्समधील ठाण्यावर उतरतो आणि ब्लोफेल्ड त्याला पाहताक्षणी ओळखत नाही. दोन्ही भूमिकांतले नट बदलले होते, असे समर्थन केले जाते. पण कादंबऱ्यांचा क्रम पाहता कारण वेगळे दिसते. पुस्तकांत बाँडच्या पत्नीचा खून आधी (१९६३), सूड नंतर (१९६४). चित्रपटांनी क्रम उलटवला, १९६९ ची पटकथा मात्र कादंबरीला धरून राहिली. त्यामुळे सूडाला जागाच उरली नाही. ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ (१९७१) ब्लोफेल्डच्या शोधाने सुरू होतो, तरी त्यात पत्नी ट्रेसीचे नावही निघत नाही.

दुसरे कारण हक्कांच्या वादाचे. ‘थंडरबॉल’ (१९६१) ही कादंबरी फ्लेमिंग यांनी केव्हिन मॅक्लोरी व जॅक व्हिटिंगहॅम यांच्यासह तयार केलेल्या चित्रपटाच्या आराखड्यावर बेतली होती. दावा १९६३ मध्ये तडजोडीने मिटला व चित्रपटहक्क मॅक्लोरींकडे गेले. ब्लोफेल्ड व त्याची ‘स्पेक्टर’ संघटना नेमकी कोणाची निर्मिती, याबद्दल मतभेद आहेत; ती एकट्याची मानण्यापेक्षा सामायिक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वादामुळे मुख्य खलनायक मालिकेतून नाहीसा झाला. ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या (१९८१) आरंभी बाँड चाकाच्या खुर्चीतल्या, पांढरे मांजर बाळगणाऱ्या टकल्या माणसाला कारखान्याच्या धुराड्यात टाकतो; त्याचे नाव कोणीच उच्चारत नाही. हक्क २०१३ मध्ये परत आले आणि ‘स्पेक्टर’ने (२०१५) आधीच्या तीन चित्रपटांतील साऱ्या संकटांचा सूत्रधार ब्लोफेल्डच ठरवला. हे मागाहून लावलेले ठिगळ आहे. ‘स्कायफॉल’मधील (२०१२) खलनायक सिल्वाचा एमवरचा (बाँडच्या वरिष्ठावरचा) वैयक्तिक राग त्याने विनाकारण पातळ होतो.

कथानकांची पुनरावृत्ती हा तुलनेने लहान दोष. १९६७ मध्ये अंतराळयान गिळणारे यान, १९७७ मध्ये पाणबुड्या गिळणारे जहाज. दिग्दर्शक दोन्ही वेळा लुइस गिल्बर्टच. २००६ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली, बाँडला शून्य-शून्य (ठार मारण्याचा परवाना असलेल्या हेराचा) दर्जा नुकताच मिळाल्याचे दाखवले गेले. एमच्या भूमिकेत मात्र १९९५ पासूनच्या जुडी डेंच कायम राहिल्या.