हिपॅटायटिस ए: मुलांच्या लसीकरणाची आणि एका मात्रेच्या वादाची पार्श्वभूमी

हिपॅटायटिस ए या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचे दर्शन १९७३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झाले आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी निष्क्रिय विषाणूची लस वापरात आली, तरी लहान मुलांना ती सार्वजनिक कार्यक्रमातून द्यावी असे फारसे कोणाला वाटत नव्हते. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांना संसर्ग होऊनही कावीळ होत नाही. आजारी पडतात ती त्यांच्याभोवतालची मोठी माणसे. म्हणजे लस मुलाला टोचायची आणि संरक्षण मुख्यतः इतरांना मिळायचे, हा हिशेब पटवून देणे सोपे नव्हते. तो इस्रायलने पटवून दिला. तेथे १९९९पासून १८ व २४ महिन्यांच्या मुलांना लस सुरू झाली आणि काही वर्षांतच रुग्णसंख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. लस न घेतलेल्या वयोगटांतही ती उतरली. अमेरिकेने त्याच वर्षी केवळ अधिक प्रादुर्भावाच्या राज्यांपुरती शिफारस केली आणि २००६मध्ये ती देशभर लागू केली.

खरा वाद अर्जेंटिनाच्या निर्णयाने उभा राहिला. लस दोन मात्रांसाठी मंजूर झालेली असताना, २००३-०४च्या मोठ्या साथीनंतर त्या देशाने २००५मध्ये बारा महिन्यांच्या प्रत्येक मुलाला एकच मात्रा देण्याचे ठरवले. दुसऱ्या मात्रेवाचून संरक्षण किती टिकेल याचा पुरावा तेव्हा अपुरा होता, आणि हा निर्णय विज्ञानाचा नसून काटकसरीचा आहे, ही टीका अगदीच निराधार नव्हती. मात्र दुसरी बाजूही तितकीच गंभीर होती: तेथे मुलांचे यकृत अचानक निकामी होण्याच्या निम्म्याहून अधिक घटनांमागे हाच विषाणू असे, आणि त्यांतील काहींना प्रत्यारोपणावाचून गत्यंतर नसे. कार्यक्रमानंतर दोनेक वर्षांत अशा घटना जवळजवळ थांबल्या. पुढे नऊ वर्षांनी तपासलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडे आढळली. टीकाकारांची शंका रास्त होती, पण थांबून राहण्याची किंमत मुलांनी मोजली असती, हे त्यांच्या मांडणीत फारसे येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमांसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला आणि ब्राझीलने २०१४मध्ये तो स्वीकारला. अमेरिकेत मात्र २०१६नंतर बेघर व अमली पदार्थ घेणाऱ्या प्रौढांमध्ये मोठ्या साथी पसरल्या. बालपणी लस न मिळालेली आणि संसर्गही न झालेली ही पिढी मुलांच्या कार्यक्रमाच्या कक्षेबाहेरच राहिली होती.