बिनइथेनॉलचं पेट्रोल १६० रुपयांना का, आणि रोजच्या गाडीला ते परवडतं का

गेल्या वर्षभरात ज्याच्याशी गाडीबद्दल बोलावं तो एकच विचारतो, अॅव्हरेज कमी झालाय, ते १०० ऑक्टेनवालं टाकू का, त्यात इथेनॉल नसतं म्हणे. इथेनॉल म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल, आणि ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल पंपावरून गेलं कसं इथपासूनच सुरुवात करायला लागते, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा बराच मोठा आहे.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल घालायची कल्पना काल-परवाची नाही, १९४८ साली आपल्याकडे त्यासाठी पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता, तो पुढे २००० मध्ये रद्द पण झाला. खरी सुरुवात २००१ ची. ५ टक्के इथेनॉल मिसळून बघायचे पहिले प्रयोग झाले त्यातले दोन आपल्या मिरजेला आणि मनमाडला, तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीकडे. मिरजेच्या आजूबाजूला साखर कारखाने किती आहेत ते सांगायला नको. साखर काढल्यावर मळी उरते, मळीपासून डिस्टिलरीत स्पिरिट निघतं, त्यातलं पाणी पूर्ण काढलं की पेट्रोलमध्ये घालण्याजोगं इथेनॉल. जानेवारी २००३ पासून ९ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू केलं, पण लगेच दुष्काळ पडला, ऊसच नाही तर मळी कुठली, आणि सक्ती ढिली करावी लागली. पुढची दहा वर्षं हे असंच रखडत चाललं, २०१३-१४ ला देशभरचं मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. म्हणजे त्या काळात आपण जे भरत होतो ते जवळजवळ निव्वळ पेट्रोलच होतं, कुणी वेगळं मागायचा प्रश्नच नव्हता.

चित्र बदललं ते २०१४ नंतर सरकारने इथेनॉलचे भाव ठरवून द्यायला लागल्यावर, आणि जास्त करून २०१८ मध्ये. त्या वर्षी साखरेचे ढीग पडले होते, दर पडलेले, कारखान्यांकडे शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, थकलेली. तेव्हा नवं जैवइंधन धोरण आलं आणि नुसत्या शेवटच्या मळीपासूनच नाही तर बी-हेवी मळी (जिच्यात अजून बरीच साखर शिल्लक असते) आणि थेट उसाच्या रसापासून पण इथेनॉल करायला जादा दर मिळाला. कारखान्यांना हे हवंच होतं, कारण साखर गोदामात पडून राहते आणि इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. आमच्या ऊसपट्ट्यात या पैशाने बिलं वेळेवर निघाली हे खरं आहे आणि ते नाकारून या विषयावर बोलता येत नाही.

त्यानंतर मात्र घाई झाली. २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० चं होतं ते २०२५ वर आणलं. जून २०२२ ला १० टक्के गाठले, ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं, उद्घाटन, आणि २०२५ मध्ये बहुतेक सगळ्या पंपांवर तेच. जुनं पेट्रोल कुठल्या तारखेला बंद झालं ते सामान्य माणसाला कळलंच नाही.

इथे माझा खरा आक्षेप आहे. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने ई-२० चा जो आराखडा काढला त्यात अॅव्हरेजचं स्पष्ट लिहिलं होतं: बिनइथेनॉल पेट्रोलसाठी डिझाइन केलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीचा ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीचा ३ ते ४ टक्के, आणि ई-२० ला जुळवलेल्या गाडीचा फक्त १ ते २ टक्के कमी होईल. कारण साधं आहे, लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-१० निदान २०२५ पर्यंत मिळत राहावं असं होतं, आणि अॅव्हरेज कमी होतो त्याची भरपाई म्हणून इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त विकावं असंही होतं. स्वस्ताईचं तरी काही झालं नाही. ई-२० आलं तेव्हा स्वस्त नव्हतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की इथेनॉलच सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटर पडतं, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग. त्यात आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका आणि तांदळापासून येतंय. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंदी घातली तेव्हापासून मक्याचा जोर वाढला, म्हणजे नुसतं ऊसवाल्यांसाठी चाललंय असंही म्हणता येत नाही. १ सप्टेंबर २०२५ ला बिनइथेनॉलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने फेटाळली.

मग उरलं काय, तर १०० ऑक्टेनवालं. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणे होतं, तेव्हाच दिल्लीत भाव १६० होता. पण ते काही इथेनॉल टाळणाऱ्यांसाठी काढलेलं नाही, ते भारी स्पोर्ट्स गाड्यांसाठी आहे आणि जादा पैसे आपण ऑक्टेनचे मोजतो. आपल्या वॅगनआर किंवा स्प्लेंडरच्या इंजिनला त्या ऑक्टेनचा काही उपयोग नाही. आणि एक्सपी-९५ सारखं नेहमीचं प्रीमियम घेऊन इथेनॉल टळत नाही, त्यात मिसळलेलंच असतं.

२०२५ च्या मुंबईच्या भावाने हिशोब करा. नेहमीचं ई-२० १०४ धरू. जुनी गाडी ई-२० वर १५ चा अॅव्हरेज देते आणि बिनइथेनॉलवर १६, महिन्याला १००० किलोमीटर चालते. ई-२० वर साधारण ६,९०० रुपये, १६० वाल्यावर १०,०००. महिन्याला ३,००० जादा, वर्षाला छत्तीस हजारांच्या वर. अॅव्हरेजच्या जोरावर हे परवडायला बिनइथेनॉल पेट्रोल १११ रुपयांच्या आत मिळायला हवं, आणि तसलं कुठलंच पेट्रोल आपल्याकडे विकत नाहीत. ब्राझीलचा दाखला आपल्याला सारखा देतात, पण तिथे १९७५ पासून हा कार्यक्रम चाललाय, २००३ पासून कुठलंही मिश्रण चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आहेत, आणि पंपावर इथेनॉल घ्यायचं का मिश्रणाचं पेट्रोल ते माणूस भाव बघून ठरवतो.

राहिला पार्ट खराब व्हायचा मुद्दा. तो खोटा नाही, जुन्या गाड्यांत काही रबरी पार्ट आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील असं मंत्रालयानेच म्हटलंय. पण त्यासाठी दरमहा ३,००० घालवण्यापेक्षा सर्व्हिसिंगला फ्युएल पाइप, ओ-रिंग बघून घेतलेल्या बऱ्या, ते कितीतरी स्वस्तात होतं. एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर एवढीही काळजी नको. १०० ऑक्टेनचा उपयोग मला एकाच ठिकाणी पटतो, जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट किंवा यामाहा जी पावसाळाभर झाकून ठेवायचीय. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, कोकणात मुंबईत तर जास्तच, आणि महिनोन्महिने उभ्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. अशी गाडी झाकायच्या आधी टाकी जवळपास रिकामी करून हेच पेट्रोल पूर्ण भरायचं आणि थोडी चालवून आणायची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही तेच जातं.