बैठ्या खेळांतली डोप टेस्ट

पत्ते खेळणाऱ्या माणसाची लघवी तपासतात म्हटलं की कुणालाही हसू येतं, पण ब्रिज, बुद्धिबळ, स्नूकर यांच्या मोठ्या स्पर्धांमध्ये हे रीतसर चालतं आणि त्यापायी पदकंही गेलीत. कारण काय तर ऑलिम्पिकचं दार. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९९ मध्ये ब्रिज आणि बुद्धिबळाच्या जागतिक संघटनांना मान्यता दिली, त्याच वर्षी वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था सुरू झाली, आणि मान्यता टिकवायची तर वाडाची बंदी घातलेल्या औषधांची यादी पाळावीच लागते, मग खेळ पळायचा असो नाहीतर खुर्चीत बसून डोकं खाजवायचा.

सगळ्यात गाजलेली केस गेइर हेल्गेमोची. नॉर्वेचा हा खेळाडू तेव्हा ब्रिजमध्ये जगात एक नंबर होता. २०१८ च्या ऑर्लँडोच्या स्पर्धेत त्याच्या नमुन्यात कृत्रिम टेस्टोस्टेरॉन आणि क्लोमिफीन सापडलं, नोव्हेंबर २०१९ पर्यंत बंदी आली आणि त्या स्पर्धेतली पदकं आणि गुणही गेले. आता टेस्टोस्टेरॉनने पत्ते कसे चांगले पडणार हे कुणी सांगू शकलं नाही, पण नियम तसं विचारतच नाही, यादीतलं औषध अंगात सापडलं की झालं. त्याआधी २००२ मध्ये मॉन्ट्रियलला एका अमेरिकन खेळाडूने टेस्टच द्यायला नकार दिला, तिचं रौप्यपदक काढून घेतलं.

नकाराचा खरा तमाशा झाला तो बुद्धिबळात. २००८ चं ड्रेस्डेन ऑलिम्पियाड, शेवटची फेरी, युक्रेनचा वासिली इवानचुक अमेरिकेच्या गाटा काम्स्कीकडून हरला आणि इतका भडकला की बाहेर येऊन खांबाला लाथा घातल्या, आणि नेमकं त्याच वेळी त्याला टेस्टला चला म्हणून सांगण्यात आलं, तो काही गेला नाही. मोठी बंदी येणार अशी जोरदार चर्चा होती, पण शेवटी प्रक्रियेतच गडबड झाली असं म्हणून फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, त्याला सोडलं. (हरलेल्या माणसाला लगेच बाटली धरायला सांगायचं, म्हणजे कमालच!)

टेस्टची पद्धत मात्र धावपटूंसारखीच. निरोप मिळाल्यापासून एक माणूस सोबत राहतो, किट खेळाडूने स्वतः निवडायचं, अधिकाऱ्यासमोर किमान ९० मिली लघवी द्यायची, मग ती स्वतःच 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत ओतून सील करायची. 'ए'मध्ये काही सापडलं तर खेळाडू 'बी' उघडायला लावू शकतो.

मग बसून खेळायच्या खेळात औषधाचा खरंच फायदा होतो का? हात स्थिर ठेवायच्या खेळात नक्की होतो. बीटा ब्लॉकर हृदयाचे ठोके कमी करतात आणि थरथर थांबवतात, म्हणून नेमबाजी, तिरंदाजी, डार्ट्स, बिलियर्ड्स-स्नूकर, एवढंच काय मिनीगोल्फलाही ते बंद आहेत. उत्तर कोरियाच्या किम जोंग सूने २००८ मध्ये बीजिंगला पिस्तूल नेमबाजीत मिळवलेली दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरमुळेच गेली. स्नूकरवाला बिल वर्बेनियक तर हात थरथरायचा आजार म्हणून मॅचआधी बीअर ढोसायचा, पुढे प्रोप्रॅनोलॉलही घ्यायला लागला आणि त्यावर बंदी आल्यावर त्याची कारकीर्द आटोपली. बुद्धिबळाचं गणित वेगळं. जर्मनीत ३९ खेळाडूंना मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट (दोन्ही मेंदूला तरतरी आणणारी औषधं) आणि कॅफीन देऊन केलेला अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात औषध घेतलेले लोक जास्त वेळ विचार करत बसले आणि ठरलेला वेळ संपून हरायला लागले, असे वेळ संपून गेलेले डाव बाजूला काढले तेव्हा कुठे थोडा फायदा दिसला. यातलं कॅफीन २००४ पासून यादीत नाही, त्यामुळे चहा-कॉफी बिनधास्त प्या.

खरी पंचाईत वयस्कर खेळाडूंची, आणि ब्रिजमध्ये तेच जास्त. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ब्रिजचं सुवर्ण आणणाऱ्या भारतीय जोडीतले प्रणव बर्धन ६० वर्षांचे होते. या वयात बीपीची गोळी कॉमन, आणि ज्या गोळीच्या नावापुढे 'एच' असतो तिच्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते लघवी वाढवतं, म्हणजे दुसरं औषध लपवायला कामी येतं असं धरून स्पर्धेत काय आणि बाहेर काय, कायमच बंद. डॉक्टरांचे कागद जोडून सूट मागता येते, पण साधारणपणे ती आधीच मंजूर करून घ्यावी लागते, टेस्टच्या टेबलावर प्रिस्क्रिप्शन दाखवून भागत नाही.