आजारी कासवाला शीतनिद्रेत जाऊ द्यावे का?

ब्रिटनमध्ये हरमनचे किंवा भूमध्य सागराकाठचे ‘ग्रीक’ कासव पाळणाऱ्या घरांत ऑक्टोबर उजाडला की एक प्रश्न हमखास उभा राहतो: उन्हाळाभर नीट न खाल्लेल्या, नाकातून पाणी गळणाऱ्या कासवाला यंदा झोपू द्यावे का? आजाऱ्याला झोपेने बरे वाटते, तसे त्यालाही वाटेल, असे अनेकांना मनापासून वाटते. हा समज कासवाच्या जिवावर बेततो.

शीतनिद्रा हा कित्येक आठवड्यांचा निर्जळी उपास आहे आणि त्याची शिदोरी कासवाला आधीच साठवावी लागते. यकृतातील ग्लायकोजेन (साठवून ठेवलेली साखर) आणि चरबी हा तिचा एक भाग. दुसरा, फारसा कुणाच्या लक्षात न येणारा भाग म्हणजे मूत्राशयातील पाणी. तापमान 5 अंश सेल्सिअसच्या आसपास आले की मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबते, पण प्रथिनांचे विघटन अगदी मंद गतीने चालूच राहते आणि त्यातून निघणारा युरिया रक्तात साचत जातो. गंमत अशी की हा साचलेला युरियाच रक्ताचा परासरण दाब (पाणी ओढून घेण्याची ताकद) वाढवून शरीरातले पाणी धरून ठेवायला मदत करतो, आणि मूत्राशयातील साठ्यातून पाणी पुन्हा रक्तात ओढले जाते. वसंतात जागे झालेले कासव भरपूर पाणी पिऊन हा सारा कचरा बाहेर टाकते. मात्र ज्या कासवाचा साठा सुरुवातीलाच आटलेला असतो, त्याच्या रक्तातील युरिक आम्लाचे स्फटिक मूत्रपिंडांत आणि सांध्यांत बसतात, आणि ती हानी बहुधा भरून येत नाही.

थंडीत पांढऱ्या रक्तपेशीही घटतात. त्यात कासवाला स्नायूंचे श्वासपटल नसल्यामुळे नीट खोकता येत नाही, म्हणून शरद ऋतूतील साधी वाटणारी सर्दी वसंतापर्यंत फुप्फुसात उतरलेली असू शकते.

कासव झोपू देण्याइतके धडधाकट आहे का, हे ठरवताना वजन आणि कवचाची लांबी यांची सांगड घालणारा पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांचा आलेख अनेक जण प्रमाण मानतात. पण तो वर सांगितलेल्या दोन जातींपुरताच आहे, शिवाय अंगावरची सूज, पोटातली अंडी किंवा मुतखडा यांनीही वजन वाढते. निरोगी कासवाचे वजन शीतनिद्रेत महिन्याला साधारण 1 टक्का घटते. एकूण घट 8 ते 10 टक्क्यांकडे गेली, किंवा मध्येच त्याने लघवी केली, तर त्याला जागे करावे लागते.

आणखी एक अडचण आहे. न पचलेले अन्न थंड आतड्यात कुजते, म्हणून प्रौढ कासवाला झोपेआधी दोन ते चार आठवडे उपाशी ठेवावे लागते. अशक्त कासवाला तर नेमके याच काळात खायला घालायचे असते. अशा वेळी त्या वर्षीची शीतनिद्रा टाळावी. एक हिवाळा जागे राहिल्याने अपाय होत नाही. मात्र 12-15 अंशांच्या कोपऱ्यात ठेवणे सर्वांत वाईट, कारण तिथे ते खात नाही आणि साठाही जळत राहतो. त्याला दिवसा 30 अंशांच्या आसपास ऊब देणारी जागा, अतिनील किरणांचा दिवा, अन्न आणि कोमट पाण्याची अंघोळ हवी.

हे सारे समशीतोष्ण प्रदेशातील जातींचे झाले. आपल्याकडे भाग्य उजळेल म्हणून चोरून घरात आणले जाणारे स्टार कासव अशी शीतनिद्रा घेतच नाही. कासवाने भाग्य उजळते याला काडीचा आधार नाही आणि ते पाळणे कायद्याने गुन्हा आहे.

निर्णयाची वेळ ऑक्टोबर नव्हे, ऑगस्ट. तेव्हाच पशुवैद्याकडून तोंड, नाक, वजन आणि विष्ठेतील जंत तपासून घ्यावेत, कारण प्रतिजैविकांचा उपयोग उबदार शरीरातच नीट होतो आणि उपचारांनंतर कासवाला पुन्हा खाऊन-पिऊन साठा करायला काही आठवडे लागतात.