डोमेन कुणाच्या नावावर आहे? होस्टिंगचं नंतर बघू

मागच्या दिवाळीच्या आधी इचलकरंजीहून एका काकांचा फोन आला. यंत्रमागाचे स्पेअर पार्ट विकतात, चांगला जुना धंदा आहे. वेबसाईट उघडत नाहीये म्हणाले, "आणि पैसे भरलेत रे, तीन वर्षांचे एकदम भरलेत, पावती आहे माझ्याकडं." पावती व्हॉट्सॲपवर आली, खरी होती, पण होस्टिंगची, म्हणजे साईटच्या फाईली ज्या मशीनवर (सर्व्हरवर) ठेवलेल्या असतात त्या जागेच्या भाड्याची. मी सर्व्हरवर लॉगिन करून बघितलं तर सगळं जागच्या जागी, पार्टांचे फोटो, रेट लिस्ट, डेटाबेस, एक फाईलसुद्धा हललेली नव्हती. गेलं होतं ते फक्त नाव. डोमेन, म्हणजे साईटचं ते नाव, एक्स्पायर होऊन तीन महिने झालेले आणि ते ज्याने घेतलं होतं तो आधीचा डेव्हलपर नोकरी लागून कधीच दुसरीकडे गेलेला, रिन्यूअलचे मेल त्याच्या कुठल्यातरी जुन्या आयडीवर येत राहिले असणार. आता त्या नावावर कुणीतरी परक्याने जाहिरातींचं पान टाकलंय. काकांच्या खोक्यांवर, बिलबुकवर, दुकानाच्या पाटीवर सगळीकडे तेच नाव छापलेलं.

तेव्हापासून मी नवीन क्लायंटला डिझाईन दाखवायच्या आधी हे दोन शब्द समजावतो, कारण लोकांच्या डोक्यात 'वेबसाईटचे पैसे' हा एकच खर्च असतो आणि त्यात त्यांची काही चूक नाही, विकणारेच तसं विकतात.

डोमेन म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. होस्टिंग म्हणजे हँडसेट.

लोक घर आणि घराचा पत्ता असं सांगतात पण मला ते पटत नाही, पत्ता घराला चिकटलेला असतो, घर बदललं की पत्ता बदलतो. डोमेनचं तसं नाहीये. हँडसेट पडला, फुटला, चोरीला गेला तर तुम्ही दुसरा घेता, सिम टाकता, आणि लोकांना कळतही नाही की फोन बदललाय. पण नंबरच गेला तर? रिचार्ज केलं नाही म्हणून बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते, मग तुमच्या ओळखीच्यांचे फोन त्या अनोळखी माणसाला जायला लागतात. आणि सिम दुसऱ्याच्या आधारवर घेतलेलं असेल तर गॅलरीत जाऊन कितीही सांगा की हा नंबर दहा वर्षं मीच वापरतोय, कुणी ऐकत नाही. डोमेनचं शब्दशः असंच चालतं, अगदी पोर्टिंगसकट. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे डोमेन न्यायचं तर एक कोड लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात, आणि नवीन घेतलेलं डोमेन साधारण पहिले ६० दिवस हलवता येत नाही.

हे दोन वेगळे का ठेवलेत? तर मुळात इंटरनेटवरची मशीन एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आयपी ॲड्रेसने. सुरुवातीला नाव आणि आकडा यांची एकच फाईल होती, ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असायची आणि सगळे तिथून कॉपी उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तसं ते झेपेना. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टीम मांडलं, आजही तेच चालतंय. तुम्ही ब्राउझरमध्ये नाव टाकलं की आधी डीएनएसला विचारलं जातं की या नावाची साईट सध्या कुठल्या आकड्यावर आहे, आणि मग ब्राउझर त्या मशीनकडे जातो. माझ्यासारख्याचं पोट ज्या सोयीवर चालतं ती हीच. सर्व्हर बदलला की डीएनएसमधल्या त्या नावाच्या नोंदीतला, म्हणजे रेकॉर्डमधला, आकडा बदलायचा, थोड्या वेळात नाहीतर फार तर एखाद-दोन दिवसात सगळीकडे नवीन आकडा पोचतो, नाव तेच राहतं.

आता दोन खऱ्या घटना शेजारी शेजारी ठेवतो, कारण दोन्हीतला फरक मला शब्दांत सांगण्यापेक्षा यातून जास्त नीट सांगता येतो.

पहिली, १० मार्च २०२१. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच नावाच्या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजल्यांची एक अख्खी इमारत जळून गेली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग. कुणाला इजा झाली नाही, पण हजारो साईट एका रात्रीत बंद. होस्टिंगवर येऊ शकणारं याहून मोठं संकट काय असणार, सर्व्हर अक्षरशः राख झाले. तरी ज्यांच्याकडे दुसऱ्या जागी बॅकअप होता त्यांनी नवीन सर्व्हर घेतला, डेटा चढवला, डीएनएसमधला आकडा बदलला आणि साईट परत त्याच नावावर उभी. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं मात्र फार वाईट झालं, रस्ट या गेमच्या युरोपातल्या सर्व्हरांवरचा डेटा तर परत आलाच नाही. पण डेटा गेला तरी नाव त्यांचंच राहिलं, गिऱ्हाईक त्याच दारात आलं.

दुसरी, १९९९ चा नाताळ. मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचं रिन्यूअल राहून गेलं. हॉटमेलचं लॉगिन त्या नावावरून व्हायचं, त्यामुळे ऐन सणात लोकांना मेल उघडेनात. कारण काय ते एका अमेरिकन प्रोग्रामरच्या लक्षात आलं आणि त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले, आणि हॉटमेल परत सुरू झालं. मायक्रोसॉफ्टचा एक सर्व्हर जळाला नव्हता, एक वायर तुटली नव्हती, सगळी मशीन चालू होती. तो माणूस भला होता म्हणून निभावलं.

काकांची केस या दुसऱ्या जातीची. मशीन चालू, पावती हातात, आणि दुकान कुणाला सापडत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लोक चुकीच्या गोष्टीची जास्त काळजी करतात. कुठलं होस्टिंग घेऊ, किती जीबी, किती स्पीड यावर आठवडा घालवतात आणि डोमेन 'ते तुम्हीच घेऊन टाका ना' म्हणून दोन मिनिटांत डेव्हलपरवर सोडतात. खरं तर होस्टिंग चुकलं तर सहा महिन्यांनी बदला, त्रास होईल पण होईल काम. डोमेन चुकीच्या माणसाच्या नावावर गेलं तर ते सोडवायला विनवण्या कराव्या लागतात.

डोमेन 'विकत' घेता येत नाही हेही सांगून ठेवतो. ते भाड्यानेच मिळतं, डॉट कॉम असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. यात तीन जण असतात. सगळ्या डॉट कॉमची मूळ वही सांभाळते ती रजिस्ट्री, डॉट कॉमची व्हेरीसाईन आणि आपल्या डॉट इनची निक्सी. तुम्हाला डोमेन विकते ती कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. आणि ज्याच्या नावावर ते लिहिलं जातं तो रजिस्ट्रंट, हा तिसरा माणूस तुम्ही असायला पाहिजे, तुमचा डेव्हलपर नाही, भाचा नाही, ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं तो शेजारचा मुलगाही नाही. रजिस्ट्रार बदलला तर काही बिघडत नाही, २०२३ मध्ये गूगलने आपला डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकला, लाखो डोमेन इकडून तिकडे गेली पण मालक तेच राहिले.

घेताना मेल आयडी खरा द्या, एवढं ऐकाच. डॉट कॉमसारख्या डोमेनला पडताळणीचा मेल येतो आणि १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन बंद पडू शकतं, केवायसी राहिल्यावर सिम बंद होतं ना तसंच. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण करून देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, संपल्यावर पाच दिवसांत अजून एकदा. हे सगळं कुठे येतं, तर त्या मेलवर. मुदत संपली तरी लगेच सगळं हातचं जात नाही, बऱ्याच रजिस्ट्रारकडे थोडे दिवस नेहमीच्या पैशात रिन्यू करता येतं. ते दिवस गेले की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात डोमेन परत मिळतं पण दंड भरून, आणि तो चांगलाच असतो. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर ते नाव बाजारात मोकळं. असं मोकळं झालेलं नाव उचलायला लोकांनी प्रोग्रॅम लावून ठेवलेले असतात, जुन्या नावाला येणारी वर्दळ त्यांना फुकटात मिळते. काका माझ्याकडे आले तेव्हा हे सगळे टप्पे उलटून गेले होते.

आता 'होस्टिंगसोबत डोमेन फ्री'. या ऑफरवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. फ्री असतं ते बहुतेक पहिल्या वर्षाचं. हजार-दीड हजाराची वस्तू फुकट देऊन तुम्हाला तीन वर्षांचं होस्टिंग एकदम घ्यायला लावतात, आणि त्या होस्टिंगचा दाखवलेला दर पहिल्या खेपेचाच असतो, रिन्यूअलला कितीतरी चढतो. पण पैशापेक्षा मला खटकतं ते हे की दोन्ही गोष्टी एकाच खात्यात, एकाच बिलात गेल्या की माणसाला त्या एकच वाटायला लागतात. मग होस्टिंग आवडलं नाही म्हणून सोडायचं म्हटलं की भीती वाटते, आपलं नाव तर जाणार नाही ना. ही भीती हाच त्या कंपनीचा फायदा. मी क्लायंटला दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घ्यायला सांगतो, दोन पासवर्ड सांभाळायला लागतात हे मान्य, पण एकाशी भांडण झालं तर दुसरा हात मोकळा राहतो.

होस्टिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाहीये. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका मशीनवर खूप जणांच्या साईट, छोट्या दुकानाला, लॉजला, क्लासला ते पुरतं. साईट साधी असेल, चार पानं, फोटो, फोन नंबर, तर गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकटात चालते आणि मस्त चालते. बॅकअप मात्र त्याच कंपनीकडे ठेवून निवांत बसू नका, स्ट्रासबर्गचं वर सांगितलंय, महिन्यातून एकदा आपल्या लॅपटॉपवर एक कॉपी उतरवून घ्या.

एक तिसरी गोष्ट या दोघांच्या मध्ये लपलेली असते ती म्हणजे ईमेल, आणि यात मी स्वतः चुकलोय. एका क्लायंटची साईट नवीन सर्व्हरवर नेताना मी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे डीएनएस रेकॉर्ड जिथे ठेवलेले असतात त्या मशीन, बदलले. साईट झकास उघडली. पण मेल कुठे पोचवायचे हे सांगणारा जो रेकॉर्ड असतो, एमएक्स म्हणतात त्याला, तो नवीन जागी लिहायचा राहिला. दीड दिवस त्यांना एकही मेल आला नाही, त्यात एक कोटेशनची चौकशी होती जी नंतर फोनवर कळली. ते फार काही बोलले नाहीत पण मला वाईट वाटायचं ते वाटलंच. तेव्हापासून काहीही हलवायच्या आधी मी डीएनएसचे सगळे रेकॉर्ड उतरवून घेतो, ओळ न ओळ. म्हणजे बघा, एका नंबरवरून कॉल एकीकडे आणि मेसेज दुसरीकडे जाऊ शकतात, साईट एका मशीनवर आणि मेल पार वेगळ्या कंपनीकडे, नाव एकच.

तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे हे बघायचं तर हूइज, म्हणजे डोमेनची सार्वजनिक नोंद, शोधून फार कळत नाही, २०१८ मध्ये युरोपचा प्रायव्हसी कायदा आल्यापासून डॉट कॉमच्या मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलंच दिसतं. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते एवढं मात्र दिसतं, ते लिहून घ्या. मग डेव्हलपरला सरळ विचारा की रजिस्ट्रारचं लॉगिन माझ्याकडे द्या. होस्टिंग सांभाळायचं जे सीपॅनल असतं त्याचं नव्हे, रजिस्ट्रारचं. चांगला डेव्हलपर चिडत नाही, मला कुणी विचारलं तर मी त्याच दिवशी देतो. आणि ते खातं ज्या मेलवर उघडलंय तो मेल त्याच डोमेनवरचा असेल तर आजच बदलून टाका, साधा जीमेल द्या, कारण डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलायची लिंक ज्या डब्यात यायची तो डबाच उघडत नाही.